तेविसाव्या पानावरची तुमची सही

बाबा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. त्या संध्याकाळी तुम्हाला ग्लानी होती, म्हणून नक्कल मूळ वहीशी ताडायची राहिली, असं मी लिहिलं होतं. तुम्ही जागे होतात. भिंतीला टेकून बसला होतात आणि मला हाक मारलीत, "पोरी, वही आन. मी वाचतो, तू बोट ठेव." मी ओट्यावरून म्हटलं, "ताडली, बाबा." ताडली नव्हती. शेजारी हळद होती, मुली जमल्या होत्या आणि मला तिकडे जायचं होतं. तुम्ही सही केलीत. त्यानंतर तुम्ही पंधरा दिवससुद्धा राहिला नाहीत.

मी अक्षर शिकले ते मिठागराच्या त्या बांधाच्या वहीतच. खाडीचं पाणी आत घ्यायचं दार म्हणजे उघाडी, हा शब्द मी 'कमळ'च्या आधी लिहिला. उघाडीपासून किती पावलांवर बांधाच्या पोटात दगड आहे, कुठे नुसता चिखल आहे, कुठे पूर्वी बांध फुटून खांड पडलं होतं, सगळं तुम्ही ओळीओळीने मांडलेलं. दर दिवाळीनंतर नवी नक्कल व्हायची आणि मेणकापडात गुंडाळून उरणला आत्याच्या घरी जायची. आत्या म्हणायची, "वैनीला लुगडं नाय, आन वहीला मेनकापड." तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "कागद एकाच घरात ठेवला, तर तो नसल्यातच जमा." तुमचा नियम एकच होता. एकाने मूळ वहीतून वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं, मगच पानाखाली 'ताडली' लिहून सही. एकट्याने ताडायचं नाही, कारण लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. शेवटची नक्कल मी उतरवलेली; तुमच्यानंतर नवी कुणी केलीच नाही.

गेल्या श्रावणात कचेरीच्या छपरीत पाणी शिरलं आणि मूळ वहीचा लगदा झाला. तुमच्या जागी आता काका मुकादम आहेत. त्यांनी आत्याकडून नक्कल आणली आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "माझा भाऊस गेला, पन बांध आजून तोच राखतोय." मी तिथे लिखापढीचं काम करते. मान खाली घालून मी लिहीत राहिले. नंतर वही हातात आली तेव्हा पानं मोजली, ओळी मोजल्या. तुमच्या वहीत प्रत्येक पानावर वीस ओळी असायच्या, नकलेतही तशाच. तेविसाव्यावर एकोणीस आहेत. तिथल्या सगळ्या ओळी 'उघाडीपासून पश्चिमेला' अशाच सुरू होतात. घाईत माझी नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली असणार. खाली 'ताडली' माझ्या अक्षरात, आणि त्याखाली तुमची थरथरलेली सही.

शुक्रवारी खाडीतून मचव्यात भरून दगड येतो आहे. वहीत जिथे नुसता चिखल लिहिला आहे तिथेच काका तो टाकणार. सोमवारी अमावास्येचं उधाण. राहिलेली ओळ चिखलाची असेल तर सगळा दगड दुसरीकडे पडेल आणि बांध तिथेच फुटेल. पश्चिमेच्या बांधामागे कामगारांच्या झोपड्या आहेत. कदाचित त्या ओळीत दगडच असेल. मला माहीत नाही, आणि आता सांगेल अशी दुसरी वही कुठे नाही. दोनदा मी एकटीच बांधावर पावलं मोजत गेले. पण वहीतली पावलं तुमची आहेत, माझी त्यांच्याहून आखूड पडतात.

आई पनवेलला ताईकडे राहते. घरी मी एकटीच. संध्याकाळी भात शिजेपर्यंत तेविसावं पान काढते, मीच मोठ्याने वाचते आणि मीच बोट ठेवते. तुम्ही हे पाहिलं असतं तर वही ओढून घेतली असती. काकांना सांगायचं तर ते पहिलं हेच विचारतील, "म्हंजे दादाची सही खोटी?" मिठागरावर अजून तुमचं नाव निघतं ते या सहीमुळे. ते माझ्या हातून जाईल. तरीही सांगायला हवं, आणि दगड येण्याआधी पश्चिमेचा बांध पावलापावलाला पहार घालून तपासायला हवा. चिखलात पहार सहज जाते, दगडावर अडते, हे तर तुम्हीच शिकवलंत.

आज काका दारात आले होते, हातात बोंबलांची टोपली. "खाऊन घे. तोंड का उतरलंय तुझं?" म्हणाले. मी म्हटलं, "काय नाय, काका." टोपली ओट्यावर ठेवून ते गेले. त्यांच्यामागे दार लोटून मी हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, ट्रंकेत मागच्या पत्राखाली जाईल. खरं सांगते, तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही आता रागावणार नाही. आज मंगळवार. गुरुवारी, एकादशीला, दुपारची ओहोटी लागली की मी पहार घेऊन काकांच्या दारात उभी राहणार आहे.