तांबट कोणाला म्हणावे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहे, माझी अब्रू सोडून.

झाले असे, की मंगळवारी एक शब्दकोशवाल्या बाई दुकानात आल्या. जुन्या धंद्यांचे शब्द गोळा करतात. तांबट म्हणजे नेमके कोण, असे त्यांनी विचारले. तांब्याची भांडी घडवणारा, एवढे सांगून गप्प बसलो असतो तर बरे झाले असते. पण त्यांनी वही उघडली आणि मला चेव आला. म्हटले, भांडी कोणीही ठोकेल, आमच्या अप्पांच्या हाताखाली हा शब्द कमवावा लागे. एकाच पत्र्याची, बिनसांध्याची घागर घडवायची, काठोकाठ भरून कोऱ्या कागदावर ठेवायची. संध्याकाळी कागद कोरडा असला तर तांबट, नाहीतर नुसता ठोक्या. (मी किती वर्षे ठोक्या होतो, ते सांगितले नाही.)

बाईंना अर्थ फारच आवडला. तुमची घागर दाखवा, म्हणाल्या. मी फळीवरची नवी घागर भरून तिथेच कागदावर ठेवली. तिच्या बुडाला केसाएवढी चीर होती, कारण पत्रा पुन्हापुन्हा तापवून नरम करायचा मला कंटाळा. पण चिरेत साबण घासला होता, तो तासभर सहज टिकतो. बाई मात्र संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीने आल्या होत्या. वर मी अक्कलहुशारीने त्याच फळीवर ठोकाठोकी चालू ठेवली. तीनच्या सुमारास घागरीखालून फेस आला.

बाईंनी शांतपणे विचारले, "हा कोणता धातू?"

मी इतका हसलो, की कंबर सुटली असे क्षणभर वाटले. मग माळ्यावरून तू अप्पांच्या हाताखाली घडवलेली घागर काढली, भरली, कागदावर ठेवली. दिवे लागले तरी कागद कोरडा. मी खरे ते सांगितले, "ही ताईची. ती लग्न होऊन गेली, शब्द मागे राहिला, तो मी पाटीवर लावला." तीस वर्षे सलत होते ते. आता फार हलके वाटते. बाई गुरुवारी तुझ्याकडे अर्थ विचारायला येतील.

तुझा धाकटा भाऊ
(धंदा: ठोक्या)

ता. क. दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा मोठा हंडा शनिवारी द्यायचा आहे आणि बूड मला साधत नाही. तुझी हातोडी पुसून ठेवली आहे. बाईंना घेऊनच ये. हंड्याखालचा कागद कोरडा राहिला, की रंगारी पाटीवर तुझे नाव काढणार आहे.

ता. क. २. साबणाची एक वडी अजून शिल्लक आहे. तेव्हा उशीर करू नकोस.