सातव्या व्हॉल्व्हचा बिल्ला

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, नोकरी कारखान्याच्या देखभाल विभागात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, उलट "कशाला नसते उद्योग" असं दादा म्हणत असताना लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. 'किरकोळ गळती' या शब्दांवर माझा किती विश्वास आहे, हे घरच्यांना ठाऊक आहे.

कलम १. बाबांनी माझ्या नावे केलेलं राहतं घर माझ्यानंतर आईचं. आईनंतर ते दादाचं, पण कलम ५ मधल्या अटीवर. दादाने लगेच पान उलटू नये.

कलम २. बँकेतली ठेव आईला. स्कूटर वहिनीला. ती दादापेक्षा बरी चालवते, म्हणून तर तो किल्ली लपवतो.

कलम ३. कोरायचं हातयंत्र, पक्कड आणि उरलेलं स्टीलच्या तारेचं भेंडोळं, हेही वहिनीला. कारण नमूद करते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाइपांचे सात व्हॉल्व्ह मागच्या भिंतीवर आहेत. कुठला कशाचा, हे फक्त बाबांना माहीत होतं. विचारलं की म्हणायचे, "मी आहे ना." ते गेल्यावर मी लेबलं लावायला घेतली. कागद आणि चिकटपट्टी अकरा दिवस टिकली. पक्क्या शाईचं पेन चार महिने. प्लॅस्टिकचे बिल्ले दोन उन्हाळे, मग हात लावताच भुगा. शेवटी एक मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टीलचे बिल्ले कापून आणले, त्यांवर अक्षरं कोरली आणि तारेने बांधले. वहिनी एकेक व्हॉल्व्ह बंद करायची आणि मी घरभर नळ तपासत ओरडायचे. असा सहांचा पत्ता लागला. सातव्याबद्दल बाबा एवढंच सांगून गेले होते, "त्याला हात लावू नकोस." जो व्हॉल्व्ह कशाचा ते माहीत नाही, तो नुसता बघायला म्हणून बंद करायचा नसतो; हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून त्याच्यावर कोरलं, '७ माहीत नाही'. दादा आठवडाभर हसत होता. "एवढं शिकून हे?"

कलम ४. रंगाचे दोन्ही ब्रश दादाला, पुन्हा न वापरण्याच्या शर्तीवर. गेल्या वर्षी त्याने पाइप रंगवले. त्यासाठी बिल्ले सोडवले आणि नंतर डावीकडून उजवीकडे एक ते सात असे बांधून टाकले. मूळ क्रम तसा नव्हता. "ओळीत छान दिसतात," तो म्हणाला. म्हणजे शंभर वर्षं टिकतील असे बिल्ले, आणि सगळे खोटं बोलणारे.

महिन्याभरात स्वयंपाकघरातला पाइप फुटला. मी कामावर होते. आईने '२ स्वयंपाकघर' घट्ट बंद केला. पाणी येतच राहिलं, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अहो, आमचं पाणी का बंद केलंत?"

सामाईक भिंतीच्या नऊ इंचांवरून काकू आमच्याशी बारा वर्षं बोलत नव्हत्या. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून आई म्हणाली, "तुमचं?"

पलीकडे मोरीचं दार आपटलं.

प्लंबरने दुसऱ्या दिवशी पाइपाचा माग काढला. '२'चा बिल्ला सातव्या व्हॉल्व्हवर लटकत होता, आणि सातवी लाइन भिंतीखालून काकूंच्या मोरीपर्यंत जाते. त्यांची लाइन खचली तेव्हा बाबांनी ती दिली होती. पुढे भांडण झालं, बाबांनी तोंड बघणं सोडलं, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवला. काकूही रोज आमचं पाणी पिऊन आम्हाला नावं ठेवत राहिल्या. दोघांची चिकाटी मला मान्य आहे.

दादाला मान्य नाही. तो त्याच संध्याकाळी पाना घेऊन निघाला होता. "कायमचा बंद करतो. आता कळेल त्यांना." पाना मी काढून घेतला. तो या मृत्युपत्राने कोणालाही दिलेला नाही, आणि तो कुठे आहे हेही लिहिलेलं नाही. माझ्यामागे दादा दुसरा पाना आणेल, अशी मला शंका नाही, खात्री आहे. म्हणून पुढचं कलम.

कलम ५. सातवा व्हॉल्व्ह उघडा राहील. दादाने तो दुरुस्तीखेरीज बंद केल्यास घर वहिनीचं होईल आणि दादा तिथे तिच्या परवानगीने राहील. दुरुस्ती असेल तर काकूंना आदल्या दिवशी भिंतीवरून सांगावं, नीट "अहो काकू" म्हणून. दर रविवारी वहिनीने तपासावं.

बिल्ले मी पुन्हा जागच्या जागी लावले आहेत. ओळीत छान दिसत नाहीत. सातवा नवा कोरला आहे, '७ काकू. उघडा.' तो तारेने बांधलेला नाही, रिव्हेट ठोकून बसवला आहे.

स्थळ: मागची भिंत, व्हॉल्व्हांसमोर
दिनांक: ११ मार्च
सही: (मृत्युपत्र करणारी)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, आणि आम्ही तिच्यासमक्ष केली:
१. प्लंबर
२. माझ्या पाळीतला फिटर

टीप: काकूंनाही साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला मृत्युपत्रातून लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, हे मी त्यांना सांगितलं. "लाभ कसला डोंबलाचा, पाणीच तर आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरून पेन पुढे केलं. वरच्या तिन्ही सह्या त्याच पेनाने केल्या आहेत. ते परत द्यायचं आहे. मी नसेन तर दादाने नेऊन द्यावं.