मथुरेकडची किल्ली

चि. अक्षयास अनेक आशीर्वाद.

हे घर तुझ्या पणजोबांनी बांधले, आजोबांनी वाढवले आणि वडिलांनी राखले. आपण संगमेश्वरला लग्नाला गेलो असता माझ्या मैत्रिणीने, मथुरेने, विश्वासाने दिलेल्या किल्लीने दार उघडून गणपतीपुळ्याचे प्रवासी इथे उतरवले. जाब विचारला तर म्हणते, "घर रिकामंच होतं ना गो? झिजलं की काय?"

किल्ली परत आणायला मी जात आहे. तिचा डबाही नेते. या घरातून कोणाचे भांडे कधी रिकामे परत गेले नाही, हे जाईल. तू मध्ये पडू नकोस.

तुझे वडील लहान असताना वादळाने आपली कौले उडाली, तेव्हा तिने आम्हांला चार रात्री आसरा दिला होता. त्या प्रवाशांनीही इथे चारच रात्री काढल्या. उपकार पुरते फिटले.

तुझी आजी