एल्फ व्हायचं राहिलं, बुटकी झाले

नॉर्डाल, विस्कॉन्सिन
हरणांच्या शिकारीचे दिवस (म्हणजे गावात पुरुषमाणूस औषधालाही नाही)

तीर्थरूप सोल्वेगताईस,

धाकट्या आर्डिसचा नमस्कार. गुडघे धरल्यामुळे उभ्याउभ्याच केला आहे, गोड मानून घे.

तुझी तब्येत छानच असेल. ॲरिझोनाच्या उन्हात बरं नसायला माणसाला कारण तरी काय? इकडे तळं गोठायला लागलं आहे आणि माझं ठीक चाललं आहे, म्हणजे याहून वाईट चालू शकलं असतं. हे पत्र नाताळात क्रुमकाके बिस्किटं भाजायच्या आईच्या बिडाच्या साच्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तो तुझ्याकडे आहे, सुखात असेल, विषय संपला.

तर आपल्या चर्चमध्ये नव्या पास्टरबाई आल्या आहेत, करीन नावाच्या. तरुण मंडळी इकडे फिरकत नाहीत म्हणून त्यांनी दर गुरुवारी दुपारी तळघरात एक खेळ सुरू केला. टेबलाभोवती बसायचं, आपण कुणी दुसरेच आहोत असं धरून चालायचं, फासे टाकायचे आणि भुतंखेतं मारायची. तरुण मंडळी अर्थातच आली नाहीत. आलो आम्ही तिघं: मी, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला ऑर्विल, आणि नुकत्याच शिकागोहून इथे राहायला आलेल्या डोलोरेसबाई.

खेळात उतरण्याआधी प्रत्येकाने आपला वंश निवडायचा असतो. आपल्या गावात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. अर्धं गाव नॉर्वेचं, अर्धं जर्मनांचं, आणि एक स्वीडिश कुटुंब आहे, त्यांना आपण सांभाळून घेतो. पास्टरबाई म्हणाल्या, 'वंश' शब्द आता बरा मानत नाहीत, 'प्रजाती' म्हणायचं. ऑर्विल म्हणाला, प्रजाती माशांच्या असतात. त्यावर कॉफीची एक किटली संपली. शेवटी 'मंडळी' हा शब्द सर्वानुमते ठरला: एल्फ मंडळी, बुटकी मंडळी, अर्धराक्षस मंडळी. (चर्चच्या बातमीपत्रात आता हे वाचताना भजनी मंडळांची नावं वाचल्यासारखं वाटतं.)

मला एल्फ व्हायचं होतं. तुला सांगायला लाजत नाही. एल्फ म्हणजे उंच, शेलाटी, चंदेरी केसांची, कान टोकदार, सातशे वर्षं जगायचं आणि गुडघ्यांची तक्रार नाही. मला जन्मभर सगळे 'भक्कम' म्हणत आले. आपल्या दोघींच्या फोटोत तू ताडमाड उभी, आणि मी कुंडीमागे, त्यातही कुंडी जास्त दिसते. एकदा, फक्त गुरुवारी दुपारी का होईना, मला दारातून वाकून आत यायचं होतं.

पास्टरबाईंनी विचारलं, "आर्डिस, तुम्ही कोण होणार?" आता चारचौघांत "मी एल्फ होणार" असं कोण म्हणेल? मी म्हटलं, "मला काहीही चालेल. आधी इतरांचं होऊ दे." ऑर्विल म्हणाला, "माझं काय, उरेल ते घेईन." पास्टरबाई म्हणाल्या, "छे, असं कसं, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "छे, तुम्हीच सांगा." असा तास गेला. ताटात लिंबाची शेवटची वडी होती. ऑर्विलने तिचा अर्धा तुकडा घेतला, मी अर्ध्याचा अर्धा घेतला, पास्टरबाईंनी त्यातला अर्धा. अखेरीस ताटात नखाएवढी वडी उरली आणि सगळ्यांची अब्रू शाबूत राहिली.

मग मी डोलोरेसबाईंकडे वळून म्हटलं, "तुम्ही घ्या ना एल्फ, तुम्हाला शोभेल." त्यांनी "नको हो" म्हणायचं, मी पुन्हा आग्रह करायचा, त्यांनी पुन्हा "नको, तुम्हीच व्हा" म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला मी नाइलाज झाल्यासारखं मान्य करायचं. हे लहान मुलालाही कळतं. बाई म्हणाल्या, "बरं, झाले मी एल्फ." आणि उरलेली वडी तोंडात टाकली.

समोरच्याने बोललेलं खरं मानायचं, हा शिकागोचा रिवाज मला अजून पचलेला नाही.

मी बुटकी झाले. "शोभतं हो तुम्हाला," असं ऑर्विल म्हणाला (त्याला मी लोणच्याची बरणी द्यायची बंद केली आहे). बुटकी मंडळी जमिनीखाली राहतात, लोखंडावर जीव टाकतात आणि मनात धरलेला राग पिढ्यान्‌पिढ्या सोडत नाहीत. मी म्हटलं, हे काही माझ्याशी जुळत नाही. मला तर तू माझा गुलाबी रेनकोट घालून नाचायला गेलीस आणि फाडून आणलास, तेही आठवत नाही.

ऑर्विलच्या वाट्याला अर्धराक्षस आला. कुऱ्हाड परजून तो गुहेत शिरला आणि पहारेकऱ्यांना म्हणाला, "तुमची गैरसोय होणार नसेल तर जरा बाजूला सरकता का?" पास्टरबाईंनी फासे टाकले, पहारेकरी सरकले. आत पेटीत जुना लोखंडी मुकुट निघाला, खास बुटक्या कारागिरांनी घडवलेला. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "घ्या ना, डोलोरेसबाई." आणि बाईंनी घेतला!

सोल्वेगताई, मला काय झालं कोण जाणे. मी उठून उभी राहिले (गुडघ्यांसकट) आणि म्हटलं, "खाली ठेवा तो. तो माझ्या लोकांचा आहे. मला हवाय." ऑर्विलची कॉफी सांडली. आपल्या चर्चमध्ये "मला हवाय" हे शब्द भिंती बांधल्यापासून कुणी उच्चारले नसतील. वाटलं, आता बाई रडणार, मला गाव सोडावं लागणार. बाई म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं ना! मी काय मनातलं वाचते? घ्या की." आणि दिला. इतकंच. रागावल्या नाहीत, रुसल्या नाहीत. मी घरी येऊन बराच वेळ कोट न काढता स्वयंपाकघरात बसून होते. एवढं सोपं होतं, तर आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही?

जाताना त्या असंही म्हणाल्या, की हवं तर एल्फसुद्धा तुम्ही व्हा. मी म्हटलं, "छे छे, नको." त्या म्हणाल्या, "बरं."

असो. लोभ आहेच, तो आणखी वाढवायला या वयात जागा नाही. भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
आर्डिस

ता. क. नाताळाआधीच्या गुरुवारी खाऊ आणायची पाळी माझी आहे.

ता. क. दुसरा. आईचा साचा पाठव. मला हवाय. तिच्या अंत्यविधीनंतर कॉफी पिताना मी "तूच ने" म्हटलं, आणि पुढचा घोट घेईपर्यंत तो तुझ्या गाडीत गेला होता. अगं, तू इथलीच ना? आणखी दोनदा विचारायचं होतंस. ॲरिझोनाच्या उकाड्यात कोण चुलीजवळ उभं राहून गरम गरम सुरळ्या वळतं? मला त्या बिडावरची फुलं डोळे मिटूनही दिसतात. आई वळायची, तेव्हा चटके बसू नयेत म्हणून बोटं माझ्या कानाच्या पाळीला लावायची.

ता. क. तिसरा. पण तुला लागत असेल तर राहू दे, तुझ्याकडेच ठेव. (हे मी पहिल्यांदा म्हणते आहे.)