सुनेचा राहण्याचा हक्क आणि केळीच्या मुळांतली बुरशी

बॅग बंद होईना म्हणून सून तिच्यावर बसली आहे. मी शेजारी स्वयंपाकघरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. कोणी दबाव आणलेला नाही. मुलाने दोनदा डोकावून “काय लिहितेस?” विचारलं, तेवढंच.

एक. राहतं घर मुलाचं. मात्र मागची खोली आणि तिचं वेगळं दार सुनेच्या हयातीपर्यंत सुनेचं. ती माझ्या मुलाची बायको राहो वा न राहो, या हक्काला बाध येणार नाही. “सून” म्हणजे इथे हीच बाई. पुढे घरात येणारी दुसरी कोणी नव्हे.

दोन. केळीच्या रोपांची नर्सरी, शेड आणि फडताळातल्या बुरशीच्या बाटल्या सुनेला. कारण लिहून ठेवते, म्हणजे मुलगा वाद घालणार नाही. धुसफुसेल; धुसफुसू दे.

मर रोगाने आमची केळीची बाग बसली, तेव्हा एकच झाड उभं राहिलं. सून तेव्हा घरात नवीन होती. तिने त्याचं मूळ कापून प्रयोगशाळेत नेलं. परत आल्यावर म्हणाली, “आई, आत बुरशी आहे.”

“मग उपट ते.”

“अहो, रोगाची नाही. हीच त्याला राखतेय.”

ही बुरशी मुळाच्या आत राहते. झाड तिला साखर देतं. रोगाची बुरशी यायच्या आधी हिने जागा धरलेली असते, आणि हिच्या असण्याने झाडही सावध राहतं. प्रयोगशाळेतून येणारी रोपं स्वच्छ असतात, म्हणजे आतून रिकामी. म्हणून लावणीआधी आम्ही त्यांची मुळं या बुरशीच्या पाण्यात बुडवतो. सगळी वाचतात असं नाही. पुष्कळ वाचतात. बाटल्यांतली बुरशी जिवंत ठेवायची तर तिला वरचेवर ताज्या वाफवलेल्या धान्यावर घालावं लागतं. ते सून करत आली. हे गेले आणि मी अंथरूण धरलं, तेव्हा ती आधी मला भरवायची, मग बाटल्यांकडे जायची.

तीन. घाण समजून माझ्या दिराने एकदा बाटल्यांत फिनेल ओतलं होतं. त्याला त्याच बाटल्या, धुऊन, रिकाम्या द्याव्यात. स्वच्छता त्याला आवडते.

चार. बँकेतली शिल्लक, मोटारसायकल आणि त्याच्या वडिलांचा कोयता मुलाला. तो वाईट नाही. त्याला बोलायला उशीर लागतो, आणि कोणी किती थांबायचं?

सुनेने हे वाचलं.

“मला अडवायला लिहिलंत ना?”

“नाही गं. जायचं तर जा. अट कुठे घातलीय, दाखव.”

तिने पुन्हा वाचलं. अट सापडली नाही.

सही: नर्सरीवाली, स्वहस्ते.
साक्षीदार: घरचे डॉक्टर, माझं डोकं तपासून. टेम्पोवाला, उद्याचं सामान बघायला आला होता, बसवून घेतला.
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. तारीख डॉक्टरांच्या सहीखाली आहे. आमच्या कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून टेम्पोत बसून गेली. बॅग मुलाने उचलून दिली. धान्य किती वेळ वाफवायचं ते ती त्याला सांगत होती, आणि तो ऐकत होता. मागच्या दाराची किल्ली तिने मागितली नाही. खिळ्यावरून काढली आणि पर्समध्ये टाकली.