पद्मिनीचे ब्रेक

१२ मार्च, बुधवार

रामदासपेठेच्या चौकात आमची जुनी पद्मिनी गाडी बंद. सिग्नल हिरवा, मागे सगळ्यांचे हॉर्न. मार्चमध्येच हे ऊन, तर मे महिन्यात काय. बॉनेट उघडलं, इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओला नॅपकिन गुंडाळला, बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. उभी राहिले. एक स्कूटरवाला थांबून म्हणाला, "मॅडम, विकून टाका आता." पंप गार झाल्यावर निमूट चालू झाली.

हॉस्पिटलला उशीर. पहिल्या पेशंटच्या गुडघ्याचा व्यायाम घेता घेता गाडीचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी पण हेच सांगितलं होतं."

घरी आल्यावर मामाजी म्हणाले, "चोक ओढला असशील तू." नव्हता ओढला. सासऱ्यांशी गाडीवरून वाद घालायचा नाही हे लग्नानंतर पहिल्या वर्षीच ठरवलेलं आहे.

१६ मार्च, रविवार

अवि चंद्रपूरहून आला. शनिवार-रविवारचा नवरा. येताच गाडीतलं पायाखालचं मॅटिंग उचलून बघितलं आणि मला हाक मारली. पत्र्याला तळहाताएवढं भोक. खाली अंगण दिसतंय. मी रोज वाडीहून रामदासपेठेला यावर पाय ठेवून जाते!

अवि: विकू. लग्नात भाड्याने देणारे लोक जुन्या पद्मिनीला चांगले पैसे देतात.
मामाजी: मी गेल्यावर विक.
अवि: बाबा, सुजाताचा पाय जाईल खाली.
मामाजी: मग पत्रा मार ना. गाडी कायले विकतो?

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नीट दुरुस्त करू, पूर्ण. नाहीतर मी ती चालवणार नाही. मला दुसरी गाडी नको आहे, हेही खरं. लग्न होऊन आले तेव्हा सायकलसुद्धा येत नव्हती. मामाजींनी याच गाडीत शिकवलं, स्टीअरिंगजवळचा गिअर, क्लच, सगळं. शेजारच्या बाया गेटाशी उभ्या राहून बघायच्या. मामाजी त्यांच्याकडे न बघता म्हणायचे, "समोर पाय, सुजाता. समोर." (पाय म्हणजे पाहा. मी आधी पायाकडे बघायची.)

१८ मार्च, मंगळवार

गाडी शब्बीरभाईंकडे सोडली. अमरावती रोडला, ट्रकांच्या गॅरेजांच्या रांगेत त्यांचं एकट्याचं जुन्या कारचं गॅरेज. मामाजींची आणि त्यांची ओळख जुनी. मामाजी कन्हानकडच्या कोळसा खाणीच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचे, तेव्हापासूनची. शब्बीरभाईंनी खालून बराच वेळ टॉर्च मारला. मग म्हणाले, "मॅडम, टाइम लागेल." किती, ते नाही सांगितलं.

५ एप्रिल, शनिवार

ऑटो, बस, ऑटो. घामाने चिंब. गाडी बंद पडायची तरी स्वतःची होती.

गॅरेजला गेले. सीट बाहेर, दारं बाहेर, इंजिन एका बाजूला टायरवर. वेल्डिंग चालू. ओळखू येत नव्हती. मामाजी तिथेच स्टुलावर बसलेले. रोज जातात म्हणे, डबा घेऊन. शब्बीरभाईंनी हळूच सांगितलं, "बैठते हैं, अच्छा लगता है. बस, काम में हाथ मत डालने दो उनको." काल मामाजींनी कार्बोरेटरचा एक स्क्रू कुठेतरी ठेवला आणि सगळ्यांना शोधायला लावला. शेवटी त्यांच्याच पायाजवळ सापडला.

२७ एप्रिल, रविवार

ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय. नागपुरात मिळाला तो बसेना, परत केला. दुसरा कोलकात्याहून मागवला. शब्बीरभाईंनी आधी चुकीच्या मापाचा सांगितला होता, ते त्यांनीच कबूल केलं. अविचा फोनवर पारा चढला. मी म्हटलं, ब्रेक आहे, घाई नको.

११ मे, रविवार

आली! रंग तोच, सायीसारखा. मामाजींनी दुसरा लावू दिला नाही. दार बंद करताना आता ठप्प असा भरीव आवाज येतो, आधी डबा वाजल्यासारखा यायचा. वाडी नाक्यापासून घरापर्यंत मीच चालवली. मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबून बघितला. सरळ रेषेत थांबली. शब्बीरभाई मागच्या सीटवर बसून हसले.

मामाजींनी समोर नारळ फोडला. पाणी टायरवर. मग म्हणाले, "चाबी दे, एक चक्कर मारून येतो." दिली. त्यांचीच गाडी आहे. आले लगेच. सगळं ठीक.

२२ मे, गुरुवार

दुपारी ओपीडीत असताना फोन. मामाजींचा नंबर, बोलणारा दुसराच माणूस. "तुमचे सासरे आहेत का? या लवकर."

कन्हानला जुन्या मित्राला भेटून परत येत होते. मला सांगितलं नव्हतं; मी आज बसने आले होते, गाडी घरीच होती. एवढ्या उन्हात, गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. वाडीत आमच्या गल्लीत डावीकडे वळताना एका स्कूटीला घासली. मुलगी पडली. डावं मनगट.

मी पोचले तेव्हा मामाजी फुटपाथवर, कोणीतरी पाणी दिलेलं, ग्लास तसाच हातात. गर्दीला सांगत होते, "ब्रेक फेल झाला. ब्रेकच नाही लागला." मुलगी दुधाच्या रिकाम्या कॅरेटवर बसलेली, हात पोटाशी धरून. प्रणाली तिचं नाव. वाडीच्याच एका गोदामात पॅकिंगचं काम करते. तिला गाडीत घालून आमच्याच हॉस्पिटलला नेलं.

पद्मिनी चालवत नेली. दुसरं वाहन मिळेना. रस्त्यात सगळे सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली.

हे मी कोणाला बोलले नाही.

२३ मे, शुक्रवार

प्लास्टर झालं. ऑपरेशन नाही. तक्रार करायची की नाही ते घरचे ठरवतील, असं प्रणालीची आई म्हणाली. मी म्हटलं, तुमचा हक्क आहे.

मामाजी जेवले नाहीत. अविचा फोन आला तर त्याला तेच: ब्रेक फेल. अवि शब्बीरभाईंवर भडकला. "त्याला सोडणार नाही मी." मी म्हटलं, थांब जरा. काहून थांबू, तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

२६ मे, सोमवार

शब्बीरभाई घरी आले. आत नाही आले, गेटाशीच उभे. अविने फोनवर काय काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मैडम, मैंने खुद चेक किया था. आपने भी चलाया." मग, "बाजूच्या गॅरेजवाले विचारून राहिले. दोन गाड्या आलेल्या परत गेल्या."

मामाजी खिडकीत होते. ऐकू गेलं असणार. पडदा हलला.

मी शब्बीरभाईंना म्हटलं, मला थोडे दिवस द्या. ते "ठीक आहे" म्हणाले, पण ठीक नव्हतं काहीच.

२७ मे, मंगळवार

जेवताना मामाजींकडे पाहत बसले. डाव्या हाताशी पाण्याचा पेला, तो धक्क्याने सांडला. त्यांनी आधी पेला पाहिलाच नव्हता. पेपर मात्र रोज चष्म्याशिवाय वाचतात. म्हटलं, मामाजी, डोळे दाखवू या का. "कायले? पेपर वाचतो मी. बारीक अक्षर वाचतो." म्हटलं, माझ्यासोबत चला, मलाही दाखवायचे आहेत. खोटं बोलले. चाललं.

३ जून, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना यंत्रासमोर बसवलं, दिवा दिसला की बटण दाबायचं. मामाजी बटण हातात धरून बसून होते. बराच वेळ बटणाचा आवाजच नाही. मी बाहेरच्या खुर्चीवर होते, मला ती शांतता ऐकू येत होती.

काचबिंदू. समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं बरंच गेलेलं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी सांभाळायचं. डॉक्टर मामाजींनाच सांगत होते, चांगल्या आवाजात, "काका, गाडी बंद करा." मामाजी म्हणाले, "कोणती गाडी?" जणू घरात दहा गाड्या आहेत.

परत येताना मी चालवत होते. वाडी जवळ आल्यावर मामाजी म्हणाले, "ॲम्ब्युलन्सले एक ओरखडा नाही पडू दिला मी. कधीच."
मी म्हटलं, माहीत आहे मामाजी.

५ जून, गुरुवार

प्रणालीला बघून आले. खोली लहान, दारात स्कूटी, तिच्यावर चादर झाकलेली. तिच्या भावाने किल्ली काढून घेतली आहे. घरातले म्हणतात, तूच जोरात चालवत असशील. आईसमोर काही बोलली नाही. मी निघाले तर गेटपर्यंत आली.

"ताई, एक विचारू? ब्रेक खरंच फेल झाला होता का?"
"का गं?"
"मी हळूच होते. हॉर्न पण मारला होता. आता मलाच वाटून राहिलं की माझीच चूक असेल."

तिला तिथेच सांगावंसं वाटलं. पण हे मामाजींनी सांगायचं आहे. तिला म्हटलं, तुझी चूक नाही. ब्रेकचं नंतर सांगते. ती बघत राहिली.

मला राग आला आहे. मामाजींवर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

६ जून, शुक्रवार

बोलले. चहाच्या वेळी, सरळ. म्हटलं, मामाजी, त्या दिवशी मी तिला त्याच गाडीतून नेलं. ब्रेक लागत होते. शब्बीरभाईंचं काम जातंय. त्या पोरीची स्कूटी बंद झाली.

चहा तसाच ठेवून उठले. खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी अविला फोन केला. अवि म्हणाला, म्हातारपणी एवढं बोलायची काय गरज होती.

८ जून, रविवार

सकाळी मामाजी धोतर-सदरा घालून तयार. "चाल."
"कुठे?"
"शब्बीरकडे."

अवि निघायला लागला तर त्याला म्हणाले, तू घरीच राय. मी चालवली.

गॅरेजला शेजारचे दोघं-तिघं पण होते, रविवारच्या गप्पा मारत. मामाजी उतरले. शब्बीरभाई उठून उभे राहिले, हाताला ग्रीस, म्हणून नमस्कार कोपराने. मामाजींनी आजूबाजूला बघितलं, म्हणजे मान पूर्ण वळवून, आता मला ते दिसतं. सगळे आहेत हे बघून घेतलं असावं. मग मोठ्याने, ॲम्ब्युलन्समधून रस्ता मागायचे तशा आवाजात:

"शब्बीर, ब्रेक चांगले आहेत. मले ती पोरगी दिसलीच नाही."

ट्रकचं टायर कोणीतरी ठोकत होतं, ते थांबलं.

शब्बीरभाई म्हणाले, "बैठो काका. चाय मंगाता हूँ."

बसले. चहा प्यायला. मी गाडीत जाऊन बसले आणि काच वर करून रडले. गरमीत काच वर करून!

१५ जून, रविवार

मामाजी प्रणालीकडे जाऊन आले, अविसोबत. मी नव्हते. अवि सांगत होता, तिच्या भावासमोर म्हणाले, "इची चूक नाही. चाबी दे तिची तिले." भावाने किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तक्रारीचं अजून नक्की नाही. आई म्हणते, हात कसा होतो ते बघू. बरोबर आहे तिचं.

अविने शब्बीरभाईंची माफी मागितली का, विचारलं नाही. गाडी ऑइल बदलायला तोच घेऊन गेला, एवढं खरं.

२४ जून, मंगळवार

प्लास्टर निघालं, आता व्यायाम. प्रणाली माझ्याकडेच येते, ओपीडी संपता संपता. मनगट वळताना दुखतं, दात आवळते, आवाज काढत नाही. आज म्हणाली, "आजोबा कसे आहेत?" म्हटलं, सकाळी उठून गाडी पुसतात. ती म्हणाली, "फक्त पुसतात ना?" दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

मीही त्यावरच विचार करून राहिले आहे. पुसतात, इंजिन गरम करून ठेवतात, मला जागेवर बसवून गेट उघडतात. परत आले की टायरची हवा बघतात. किल्ली मागितली नाही कधी, त्या दिवसानंतर. पण मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गेटात असतात.

२९ जून, रविवार

अवि या आठवड्यात आला नाही. दुपारी मामाजी म्हणाले, "गोदामांच्या मागे मैदान आहे. आज तिथं कोणी नसते." एवढंच. पुढचं वाक्य नाही.

डॉक्टरांनी नाही म्हटलंय. अविने नाही म्हटलंय. मी पण नाहीच म्हणणार होते.

नेली. मैदानाला पत्र्याचं कुंपण, रविवार म्हणून फाटक नुसतं लोटलेलं, चौकीदार ओळखीचा. आधी पूर्ण मैदान मी पायी फिरून बघितलं. कुत्रंसुद्धा नाही. मग उतरून डाव्या बाजूला आले आणि मामाजी सीटवरून सरकत स्टीअरिंगमागे गेले. हात ठेवले. पहिला गिअर त्यांनी टाकला की गाडीने आपोआप घेतला, कळलं नाही. माझा कधी असा पडत नाही.

क्लच सोडायच्या आधी थांबले.

"सुजाता, डावीकडे काय आहे?"

"काही नाही मामाजी. मोकळं आहे."

इंजिन चालू. पाय ब्रेकवरच.

"पुन्हा पाहून सांग."

मी काच खाली करून मान बाहेर काढली आणि पुन्हा पाहिलं. मागे, पुढे, चाकाजवळ. मोकळं आहे, म्हटलं. तेव्हा सोडला क्लच. एक फेरी, चालण्याच्या वेगाने. प्रत्येक वळणाला विचारलं, प्रत्येक वळणाला मी पाहून सांगितलं. फाटकाशी येऊन त्यांनी स्वतःच बंद केली.

घरी येताना मी चालवली. ते पुढच्या रविवारबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. गाडी लावून किल्ली टेबलावर ठेवली होती. मघाशी बघितलं तर तिथे नव्हती. त्यांच्या सदऱ्याचा खिसा जरासा खाली ओढलेला दिसतोय.

मी ती परत मागितलेली नाही. अविला फोन करून हे सांगायचं आहे, तेही केलेलं नाही.