मंडईचा रविवार

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मित्र लोकेंद्र सांगून गेला — रविवारच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, माझ्या भूमेश्वरीचे बाबूजी येणार. आपल्या मुर्रीत! पोरगा पाहायला!

"कोणता पोरगा बे?"

"मले काय माहीत. असन कोणी नोकरीवाला."

नोकरीवाला म्हटलं की आमच्या आळीत एकच. केशोराव गुरुजींचा भूपेंद्र. उन्हाळ्यात वीज खात्यात लागला.

मायला सहज विचारलं, मंडईत पोरगा कसा पाहतात? ती तांदूळ निवडत होती. "सांगून नाही येत. मंडईच्या नावानं येतात, गर्दीत फिरतात, पोरगा कसा वागते ते पाहून घेतात. सांगून आलं त सगळेच शहाणे होऊन बसतात." मग मान वर केली. "तुले कायले पाहिजे?"

म्हटलं, काही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळीच सायकल काढली. गोरेगावच्या अलीकडे भूमेश्वरीचं गाव. जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर. दोन्ही बाजूला धान कापून पडलेलं, वास छान येत होता, पण माझं लक्ष कुठे!

सप्टेंबरपासून तिने मला ब्लॉक केलंय. चूक माझीच. फोनवर ओरडलो. ती सारखं कॉलेजचं काढायची. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर गाढव म्हटलं, मी फाइल टेबलावर आपटली आणि निघालो ते निघालोच. सर नंतर म्हणाले, सॉरी म्हण आणि बस वर्गात. नाही म्हटलं. ती म्हणायची, "एक शब्द तर होता!" बरोबर आहे तिचं. पण तोंडातून निघालाच नाही.

तिच्या घरावरून दोनदा गेलो. दाराला कडी. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईने अडवलं.

"कोण पाहिजे बाबू?"

"पत्ता शोधून राहिलो."

"चाळीस घरं हायेत गावात. अन् तू एकाच घरापाशी शोधून राहिला!"

परत फिरलो. मागून तिचं हसणं येत होतं.

दुपारी लोकेंद्रने गोंदियाला टॉकीजमध्ये ओढून नेलं. "डोकं थंड होईन चल." थंड कसलं! हिरो पहिल्या दहा मिनिटांतच कुऱ्हाड काढतो. इंटरवलपर्यंत चाळीसेक मेले असतील, मग मोजणं सोडलं. रक्त पार कॅमेऱ्यावर उडतं. सगळं एका पोरीसाठी. ती पोरगी पूर्ण पिक्चरमध्ये चार वाक्यं बोलते. शेवटी सगळे मेलेले आणि ती त्याच्याकडे चालत येते. मी शिट्टी मारली. लोकेंद्र समोसा खाता खाता म्हणाला, "एवढे मारले, पोलीस कुठं हायेत भाई?"

त्याला काही समजत नाही.

येताना सायकल जोरात मारली. डोक्यात एकच — असं पाहिजे. सरळ. बोलणं नाही, काही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

म्हशीला तणस टाकलं. पाण्याच्या सहा बादल्या. चक्कीवरून पीठ आणलं. माय अंगण सारवून राहिली, बाबूजी धानाच्या ढिगावर ताडपत्री ओढून राहिले. पाहुणे दुपारपर्यंत येतील. माय म्हणाली, नवा शर्ट घाल. जुनाच घातला. मला कोण पाहणार आहे!

रविवार, संध्याकाळ

मारलं.

भूपेंद्र शिंगाडे घेत होता. मागे दंडारीच्या नाचाचा ढोल जोरात. मी जाऊन खांद्यावर हात ठेवला.

"काऊन बे, लगन करून राहिला?"

"कोणाचं लगन?"

"नाटक नको करू!"

"अरे भाऊ, मी शिंगाडे घेऊन राहिलो."

तेवढ्यात हात गेला. एकदा, मग परत. चष्मा उडाला, नाकातून रक्त आलं. त्याने उलटून मारलंच नाही. खाली बसून मातीत चष्मा चाचपत होता. शिंगाडे सगळीकडे. पिक्चरमध्ये मार खाणारा असा काही शोधत नाही. माझा उचललेला हात तिथेच थांबला.

लोकांनी मला धरलं. पांढऱ्या टोपीतल्या एका पाहुण्याने भूपेंद्रला उठवून पाटावर बसवलं, आपल्या गमछाने त्याचं नाक दाबलं, चष्मा शोधून दिला. मग माझ्याकडे बोट करून बाजूच्या माणसाला विचारलं, "हा कोणाचा होय?" त्याने बाबूजींचं नाव सांगितलं. पाहुणा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

केशोराव गुरुजी घरी येऊन गेले. ओरडले नाहीत. बाबूजींना म्हणाले, "पोरगी कोणती, ते त विचारून सांगा. आमच्या भूपेंद्रले माहीतच नाही."

बाबूजी त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. ते मला पाहवलं नाही.

बोटांची सालटी निघाली आहेत. पेन नीट धरता येत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

भूमेश्वरीचा फोन. दोन महिन्यांनी.

"बाबूजी तुलेच पाहाले आले होते. मीच धाडलं होतं, भांडून. कॉलेज सोडलं त सोडलं, मनानं चांगला हाय म्हणून. चष्मा त्यांनीच उचलून दिला त्याले. रात्री त्याच्याच घरी जेवले. म्हणतात, मार खाऊन हात नाही उचलला, पोरगी अशाच घरात द्यायची."

बुधवारी भूपेंद्रकडचे तिच्या घरी जाणार आहेत.